सीमास्तरासाठी टर्ब्युलन्स मॉडेल पारखताना

१९६८च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एक परिषद भरली. विमानाच्या पंखाला, जहाजाच्या तळाला किंवा टर्बाइनच्या पात्याला लगटून वाहणाऱ्या पातळ, संक्षुब्ध सीमास्तराचं गणित करणारे अनेक देशांतले गट तिथे जमले होते. तोवर बहुतेक जण आपली पद्धत आपणच निवडलेल्या प्रयोगाशी ताडून पाहत आणि आलेख जुळला की निबंध छापत. स्टॅनफर्डला ही रीत मोडली. डोनाल्ड कोल्स आणि ई. ए. हर्स्ट यांनी तीसहून अधिक प्रवाहांची प्रायोगिक मापनं तपासली, एकाच साच्यात आणली आणि सर्वांच्या हाती दिली. प्रवाह तेच, सुरुवातीची स्थिती तीच. आता ज्याने त्याने आपल्या पद्धतीने उत्तर काढून दाखवायचं.

त्या परिषदेत लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचाही निबंध होता आणि त्याच्या लेखकांत ब्रायन स्पाल्डिंग यांच्याबरोबर सुहास पाटणकर हे नाव होतं. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून आणि पुढे आयआयटी मुंबईतून शिकून गेलेल्या पाटणकरांनी स्पाल्डिंग यांच्याकडे डॉक्टरेट केली होती आणि सीमास्तराची समीकरणं संगणकावर सोडवण्याची त्या दोघांची पद्धत १९६७ मध्ये पुस्तकरूपाने आली होती. १९७२ मध्ये याच जोडीने मांडलेली ‘सिंपल’ ही रीत आजही प्रवाहाचं गणित करणाऱ्या बहुतेक सीएफडी सॉफ्टवेअरमध्ये आहे. मराठी विद्यार्थी ती रोज वापरतात. तिचं मूळ सीमास्तराच्या गणितात आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

स्टॅनफर्डची शिस्त आज पुन्हा आठवून देण्याची गरज आहे. सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलांची यादी उघडते, त्यातली चार निवडून चालवली जातात, प्रयोगाच्या बिंदूंवर चार रेषा काढल्या जातात आणि जी रेषा जवळून जाईल ते मॉडेल सर्वोत्तम ठरतं. प्रकल्प अहवालांत आणि प्रबंधांतही हे सर्रास दिसतं. पण त्या चार रेषांमधल्या फरकात मॉडेलचा वाटा किती, मेशचा, म्हणजे गणिताच्या जाळीचा, किती आणि प्रवेशद्वारावर भरलेल्या आकड्यांचा किती, हे वेगळं केलेलं नसेल तर तुलना झालीच नाही असं समजावं. पुढचं सगळं मार्गदर्शन हे वाटे कसे वेगळे करायचे, याबद्दलच आहे.

आधी प्रमाणाचा अंदाज हवा. सपाट पट्टीवरून सेकंदाला ३० मीटर वेगाने हवा वाहते आहे, असं धरू. पट्टीच्या टोकापासून एक मीटर अंतरावर रेनॉल्ड्स अंक सुमारे वीस लाख होतो. नेहमीच्या अनुभवजन्य सूत्रांनी तिथल्या सीमास्तराची जाडी साधारण २० मिलिमीटर, घर्षण गुणांक सुमारे ०.००३२५ आणि घर्षण वेग सेकंदाला १.२ मीटर येतो. या घर्षण वेगाच्या आणि हवेच्या श्यानतेच्या मापात भिंतीपासूनचं एक एकक अंतर, म्हणजे वाय-प्लस एक, भरतं अवघं १२ मायक्रॉन. २० मिलिमीटरच्या थरात अशी सोळाशेहून अधिक एककं बसतात. त्यातली पहिली पाच श्यानतेच्या ताब्यात असतात, तिसाच्या पुढे वेग अंतराच्या लॉगरिदमप्रमाणे वाढतो आणि मधल्या पट्ट्यात भोवऱ्यांची निर्मिती सर्वांत जोमाने होते. मॉडेलांमधले निम्मे वाद या भिंतीलगतच्या मिलिमीटरभर जागेतले आहेत.

पहिल्या कोशाची उंची १२ मायक्रॉन ठेवली आणि प्रत्येक पुढचा कोश मागच्याच्या १.२ पट केला, तर २० मिलिमीटर गाठायला सुमारे ३२ थर लागतात. मेश बनवण्यापूर्वी हा हिशेब कागदावर करावा. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याने पुढचे कित्येक तास वाचतात. गणित झाल्यावर प्रत्यक्ष वाय-प्लस किती आला हे भिंतीच्या पूर्ण लांबीवर पुन्हा तपासावं. सरासरी आकड्यावर समाधान मानू नये. टोकापाशी आणि कोपऱ्यांत तो हमखास चढलेला असतो.

आता मॉडेलांकडे. बहुतेक सगळ्या व्यावहारिक मॉडेलांच्या मुळाशी बुसिनेस्क यांची १८७७ ची कल्पना आहे. भोवऱ्यांमुळे होणारी संवेगाची देवाणघेवाण ही जणू वाढीव श्यानतेमुळे होते आहे, असं ती मानते. प्रवाहाची कालसरासरी घेऊन, ही वाढीव श्यानता किती हे कसंबसं ठरवायचं, एवढंच काम मॉडेलला उरतं. प्रांट्ल यांनी १९२५ मध्ये ती मिश्रण-लांबीवरून काढली. स्पालार्ट आणि ऑलमारस यांच्या १९९२ च्या मॉडेलात तिच्यासाठी एकच समीकरण आहे आणि ते विमानांच्या सीमास्तरांवर नजर ठेवून घडवलेलं आहे. के-एप्सिलॉन कुळात दोन समीकरणं असतात, एक भोवऱ्यांच्या गतिज ऊर्जेचं आणि दुसरं ती ऊर्जा विरण्याच्या दराचं. लाँडर आणि स्पाल्डिंग यांनी १९७४ मध्ये स्थिर केलेल्या त्याच्या रूपातले ०.०९, १.४४, १.९२ हे स्थिरांक आजही पाठ्यपुस्तकांत तसेच छापले जातात.

के-एप्सिलॉनची अडचण भिंतीपाशी येते. मूळ रूपात ते भिंतीपर्यंत सोडवताच येत नाही. एकतर भिंतीजवळ सुधारक पदं जोडावी लागतात किंवा वॉल फंक्शन वापरून मधला पट्टा ओलांडावा लागतो. शिवाय प्रवाहाच्या दिशेने दाब वाढत असेल, तर ते घर्षण जास्त दाखवतं आणि प्रवाह पृष्ठभागापासून सुटायला हवा तिथे सुटू देत नाही. विल्कॉक्स यांचं १९८८ चं के-ओमेगा भिंतीपाशी फार चांगलं वागतं, पण सीमास्तराबाहेर ओमेगाचा कोणता आकडा भरला यावर त्याचं आतलं उत्तर हलतं. नासाच्या एम्स केंद्रात काम करताना फ्लोरियन मेंटर यांनी हा दोष नेमका दाखवला आणि १९९४ मध्ये एसएसटी मॉडेल मांडलं. ते भिंतीजवळ के-ओमेगा असतं, बाहेरच्या बाजूला के-एप्सिलॉनचं रूप घेतं आणि प्रतिकूल दाबात कर्तन प्रतिबलाला वरून मर्यादा घालतं. त्या मर्यादेतला ०.३१ हा स्थिरांक ब्रॅडशॉ यांच्या निरीक्षणावर उभा आहे: सीमास्तराच्या बऱ्याच भागात कर्तन प्रतिबल भोवऱ्यांच्या ऊर्जेच्या साधारण ०.३ पट असतं. प्रवाह सुटण्याच्या प्रश्नात एसएसटीची जी ख्याती आहे, तिचं मोठं श्रेय या एका मर्यादेला आहे.

तुलना सुरू करायची ती सपाट पट्टीपासून. हा प्रश्न सोपा वाटतो म्हणून विद्यार्थी तो टाळतात आणि तिथेच चुकतात. इथे मॉडेलची परीक्षा होत नाही, आपल्या सॉफ्टवेअरची आणि आपल्या हाताची होते. नासाच्या लँग्ली केंद्राने टर्ब्युलन्स मॉडेलांचा जो खुला संग्रह राखला आहे, त्यात पट्टीसाठी ३५ गुणिले २५ बिंदूंच्या जाळीपासून ५४५ गुणिले ३८५ पर्यंत, प्रत्येक वेळी दुप्पट बारीक होत जाणाऱ्या पाच जाळ्या दिलेल्या आहेत. मॅक अंक ०.२ आणि एकक लांबीला रेनॉल्ड्स अंक ५० लाख. पट्टीच्या साधारण मध्यावर, म्हणजे ०.९७ या स्थानी, घर्षण गुणांक ०.००२७ च्या आसपास यायला हवा. एकच मॉडेल वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालवून जाळी बारीक करत गेलं की उत्तरं एका आकड्याकडे सरकतात, हे तिथल्या आलेखांत स्पष्ट दिसतं. आपलं उत्तर त्याकडे सरकत नसेल, तर पुढे जाऊ नये. चूक शोधावी.

बऱ्याचदा ती चूक नावात असते. ‘एसएसटी वापरलं’ एवढं लिहून भागत नाही. मेंटर यांच्या १९९४ च्या आणि २००३ च्या रूपांत श्यानता ठरवण्याची व्याख्या वेगळी आहे. उत्पादन पदावर मर्यादा कुठे घातली आहे, तेही बदलतं. स्पालार्ट-ऑलमारसच्याही अनेक आवृत्त्या चलनात आहेत. सॉफ्टवेअर यातलं नेमकं कोणतं रूप चालवतं, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत शोधून अहवालात लिहावं.

आणखी एक गोष्ट पट्टीवरच ध्यानात येते आणि ती फार महत्त्वाची आहे. पूर्ण संक्षुब्ध म्हणून चालवलेलं मॉडेलसुद्धा टोकापाशी काही अंतर स्तरीय प्रवाहासारखं वागतं आणि मग एका जागी उसळी घेतं. ही जागा प्रत्येक मॉडेलची वेगळी असते आणि ती निसर्गातल्या संक्रमणाशी, म्हणजे स्तरीय प्रवाह प्रत्यक्षात संक्षुब्ध होतो त्या जागेशी, जुळेलच असं नाही. मग एकाच अंतरावर दोन मॉडेलांचं घर्षण ताडून पाहिलं, तर खरं म्हणजे दोन वेगवेगळ्या वयांचे सीमास्तर ताडले जातात. म्हणून आलेखाच्या आडव्या अक्षावर अंतर न घेता संवेग-जाडीवर आधारलेला रेनॉल्ड्स अंक घ्यावा. एवढ्या एका बदलाने मॉडेलांमधले कितीतरी ‘फरक’ मावळतात. प्रत्यक्ष संक्रमणाचंच भाकीत हवं असेल, तर त्यासाठी वेगळी मॉडेलं आहेत. त्यांच्या मागे असलेल्या कामात भारतीय योगदान मोठं आहे: सतीश धवन आणि रोद्दम नरसिंह यांनी संक्रमण पट्ट्यातल्या प्रवाहाबद्दल १९५८ मध्ये केलेली मांडणी या विषयात अजूनही पायाभूत धरली जाते.

प्रवेशद्वारावरच्या आकड्यांचंही असंच. भोवऱ्यांची ऊर्जा तिथून पट्टीपर्यंत पोचता पोचता विरत जाते. त्यामुळे प्रवेशद्वारावर काय भरलं, याइतकंच पट्टीच्या टोकाशी काय उरलं तेही मोजून लिहावं. स्पालार्ट-ऑलमारससाठी बाहेरच्या प्रवाहात मॉडेलची चलराशी श्यानतेच्या तीन ते पाच पट ठेवण्याची शिफारस आहे.

वॉल फंक्शनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. त्यात पहिला बिंदू वाय-प्लस ३० च्या पलीकडे ठेवून मधला भाग लॉगरिदमच्या नियमाने भरून काढतात. सपाट पट्टीसाठी हे चालतं आणि मेश खूप वाचते. पण दोन अडचणी आहेत. जिथे प्रवाह सुटतो तिथे तो नियमच लागू नसतो. आणि मेश बारीक करत गेलं की पहिला बिंदू मधल्या पट्ट्यात घसरतो, म्हणून उत्तर सुधारण्याऐवजी बिघडू शकतं. मेश-स्वतंत्रतेची नेहमीची चाचणी इथे फसते. एका मॉडेलला वॉल फंक्शन आणि दुसऱ्याला भिंतीपर्यंतची बारीक मेश देऊन केलेली तुलना तर मोडीतच काढावी, कारण तिथे दोन मॉडेलांची नव्हे तर भिंतीच्या दोन वागणुकींची तुलना होते.

मेशची चूक मॉडेलच्या नावावर जाण्याचा धोका किती खरा आहे, ते मागच्या बाजूला पायरी असलेल्या प्रवाहाच्या इतिहासातून कळतं. पायरीवरून उतरलेला प्रवाह सुटतो आणि काही अंतरावर पुन्हा भिंतीला येऊन मिळतो. हे अंतर पायरीच्या उंचीच्या किती पट, हा मॉडेलांच्या परीक्षेचा आवडता प्रश्न. एम्स केंद्रातल्या ड्रायव्हर आणि सीगमिलर यांच्या १९८५ च्या प्रयोगात ते ६.२६ पट आलं. के-एप्सिलॉन हे अंतर बरंच कमी दाखवतं, असं वर्षानुवर्षं लिहिलं जात होतं आणि निबंधानिबंधांतले आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. १९९२ मध्ये थंगम आणि स्पेझियाल यांनी या प्रवाहाचं गणित पुरेशा बारीक जाळीवर नव्याने केलं. त्यांना दोष दोन जागी सापडला: एक, आधीच्या गणितांमधल्या अपुऱ्या जाळीत, दुसरा, सर्व दिशांना एकच वाढीव श्यानता मानण्यात. ज्या भिंतीलगतच्या मॉडेलिंगला बोल लावला जात होता, त्याचा वाटा त्यामानाने बराच लहान निघाला. दहा वर्षं मॉडेलच्या माथी मारलेल्या चुकीचा एक भाग मेशचा होता.

म्हणून किमान तीन जाळ्या. चौथी जमली तर उत्तम. तिन्हींवर सर्व मॉडेलं चालवावीत आणि जाळीमुळे होणारा बदल मॉडेलांमधल्या फरकाहून स्पष्टपणे लहान आहे, हे दाखवावं. तो लहान नसेल तर क्रमवारी लावण्याचा मोह आवरावा.

पट्टी पार झाली की प्रतिकूल दाबाचा प्रवाह घ्यावा, कारण मॉडेलं खऱ्या अर्थाने इथे वेगळी होतात. यासाठी नासाचा भिंतीवरच्या उंचवट्याचा प्रयोग अतिशय चांगला आहे. २००४ मध्ये लँग्लीच्या कार्यशाळेत तो सर्वांसमोर ठेवला गेला. उंचवट्याची लांबी ४२० मिलिमीटर आणि तिच्यावर आधारलेला रेनॉल्ड्स अंक सुमारे ९,३६,०००. प्रवाह लांबीच्या ०.६६५ पटीला सुटतो आणि १.१ पटीच्या जवळ पुन्हा जुळतो. स्पालार्ट-ऑलमारस आणि एसएसटी दोन्ही सुटण्याची जागा जवळपास बरोबर सांगतात. पण जुळण्याची जागा मात्र १.२५ च्या आसपास, म्हणजे बरीच पुढे दाखवतात. सुटलेल्या थरात भोवऱ्यांमुळे होणारं मिश्रण ती कमी धरतात, हे त्याचं कारण. व्यवहारात याचा अर्थ मोठा आहे: पंखाचा प्रवाह केव्हा सुटेल एवढंच हवं असेल तर ही मॉडेलं उपयोगी, सुटल्यानंतरच्या दाबावर बळाचा हिशेब अवलंबून असेल तर त्यांच्यावर विसंबू नये. ‘कोणतं मॉडेल चांगलं’ असं विचारण्याआधी ‘कोणत्या राशीसाठी’ हे ठरवावं लागतं ते यासाठीच. सपाट पट्टीच्या संक्षुब्ध सीमास्तरात विस्थापन-जाडी आणि संवेग-जाडी यांचं गुणोत्तर १.३ ते १.४ असतं आणि प्रवाह सुटण्याकडे झुकू लागला की ते भराभर चढतं. घर्षणाच्या बरोबरीने हे गुणोत्तर काढून ठेवावं; घर्षणाच्या आलेखात न दिसणारा दोष ते लवकर उघड करतं.

प्रश्नच जर सुटलेल्या प्रवाहाचा, आवाजाचा किंवा दाबातल्या चढउतारांचा असेल, तर सरासरीची मॉडेलं बाजूला ठेवून भोवरेच गणितात उतरवावे लागतात. मोठे भोवरे सोडवून लहानांचं मॉडेल करणारी एलईएस आणि सगळेच सोडवणारी डीएनएस या त्या वाटा. त्यांची किंमत आधी समजून घ्यावी. चोई आणि मोईन यांच्या २०१२ च्या अंदाजानुसार रेनॉल्ड्स अंक दहा पट झाला की डीएनएसचे जाळीबिंदू सुमारे ४४० पट आणि भिंतीपर्यंत सोडवलेल्या एलईएसचे सुमारे ७२ पट वाढतात. भिंतीसाठी मॉडेल वापरलं तर मात्र दहाच पट. महाविद्यालयीन प्रकल्पाने या वाटेला लागण्यापूर्वी संगणकाचे तास मोजावेत.

मधली वाट म्हणून १९९७ मध्ये डीईएस आलं: भिंतीजवळ सरासरीचं मॉडेल, लांब गेल्यावर एलईएस. त्यात एक सापळा आहे. भिंतीला समांतर दिशेने मेश सीमास्तराच्या जाडीपेक्षा बारीक केली, की मॉडेल थराच्या आतच एलईएसकडे वळतं. तिथे सोडवलेले भोवरे अजून तयार नसतात आणि मॉडेलचं प्रतिबल घटलेलं असतं. मग प्रवाह खोटाच लवकर सुटतो. २००६ मध्ये आलेलं सुधारित डीडीईएस हेच टाळण्यासाठी आहे. मेश बारीक केल्याने उत्तर अधिक चुकीचं येण्याचं हे दुसरं उदाहरण, म्हणून जुनं डीईएस तुलनेत घेऊच नये, हे बरं.

डीएनएसला अंतिम सत्य मानण्याआधीही एक पाऊल थांबावं. श्लाटर आणि अर्लू यांनी २०१० मध्ये सपाट पट्टीच्या सीमास्तराची सात स्वतंत्र डीएनएस शेजारी ठेवली, तेव्हा घर्षण आणि जाडीचं गुणोत्तर यांसारख्या मूलभूत राशींतही अनपेक्षित फरक निघाले. प्रवाह कसा आत सोडला आणि कुठे उत्तेजित केला, याचा ठसा बराच पुढपर्यंत राहतो. ज्या डीएनएसशी तुलना करायची, तिचा हा तपशील वाचल्याशिवाय तिच्या रेषेला प्रमाण धरू नये.

प्रयोगाच्या बिंदूंनाही हेच लागू आहे. अनेक प्रयोगांत घर्षण थेट मोजलेलं नसतं. वेगाची मापनं लॉगरिदमच्या नियमावर बसवून, क्लॉसर यांच्या रीतीने, ते काढलेलं असतं. त्या नियमातला कारमान स्थिरांक ०.४१ धरायचा की ०.३८४, यावरही एकमत नाही. आता ज्या मॉडेलचे स्थिरांक त्याच नियमावरून ठरवले आहेत, त्याला या ‘मोजलेल्या’ घर्षणाने तपासणं म्हणजे नियमाला नियमाचीच साक्ष. म्हणून थेट मोजलेलं घर्षण जिथे मिळेल तिथे त्याला पहिली पसंती द्यावी. सतीश धवन यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत डॉक्टरेटसाठी नेमकं हेच केलं होतं: पृष्ठभागाचा एक छोटा तुकडा मोकळा ठेवून त्यावरचं घर्षणाचं बळ सरळ मोजलं. १९५३ मध्ये ‘नाका’ (NACA) या नासाच्या पूर्वसूरी संस्थेच्या अहवालात ते प्रसिद्ध झालं. आज तेलाच्या पापुद्र्यावर पडणाऱ्या प्रकाशपट्ट्यांवरून घर्षण मोजण्याची रीतही रुळली आहे.

अहवाल लिहिताना आलेखांआधी एक पान तपशिलाचं असावं: मॉडेलचं नेमकं रूप, सॉफ्टवेअरची आवृत्ती, तिन्ही जाळ्यांवरचे आकडे, वाय-प्लसची सर्वांत मोठी किंमत, टोकाशी उरलेली टर्ब्युलन्सची पातळी आणि प्रयोगाची त्रुटीमर्यादा. हे पान वाचून दुसऱ्या कुणाला तेच गणित पुन्हा करता आलं पाहिजे.

यासाठी महागडा परवाना लागत नाही. ओपनफोम मोफत आहे आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात ते शिकण्याचं साहित्य उपलब्ध आहे. नासाच्या संग्रहातल्या जाळ्या आणि प्रयोगांचे आकडे उतरवून घेता येतात. पट्टीचा द्विमितीय प्रश्न साध्या लॅपटॉपवर सुटतो. उंचवट्याला थोडा अधिक वेळ लागतो. पहिल्या फेरीत फक्त स्पालार्ट-ऑलमारस आणि एसएसटी घ्यावीत, पट्टीच्या पहिल्या तीन जाळ्यांवर चालवावीत आणि ०.९७ या स्थानचा घर्षण गुणांक तीन सार्थ अंकांपर्यंत टिपून ठेवावा.